भिलवडीचे दूध, पुण्याचे दुकान

पुण्याला जाताना बॅगेत बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट, येताना बाकरवडीचे पुडे. सीमाभागातल्या कितीतरी घरांचा हा जुना रिवाज. मिरजेहून पुण्याकडे निघालेली रेल्वे वाटेत भिलवडीवरून जाते. त्या पुड्यांची कथा तिथूनच सुरू होते.

भास्कर गणेश चितळे साताऱ्याजवळचे लिंब गाव सोडून भिलवडीला आले आणि 1939 च्या सुमारास त्यांनी तिथे दुधाचा व्यवसाय मांडला. गाव निवडताना हिशेब पक्का होता. कृष्णेचे पाणी, त्यामुळे वैरण, आणि माल लांब धाडायला रेल्वे. पण दूध वाट पाहत नाही. नासायच्या आत विकले पाहिजे किंवा त्याचे पदार्थ केले पाहिजेत. गिऱ्हाईक मात्र शहरात! मग विक्री परक्या हाती सोडायची, की घरचा माणूस पाठवायचा?

घरचा माणूस गेला. थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे भाऊसाहेब, आधी मुंबईत राहिले आणि 1950 मध्ये त्यांनी पुण्यात दुकान थाटले. धाकटे बंधू नरसिंह ऊर्फ राजाभाऊ त्यांना येऊन मिळाले. दोन भाऊ भिलवडीत दूध सांभाळायचे, दोन पुण्यात गल्ला. एकत्र कुटुंबात भांडणाला कारण लागत नाही, हे आपण जाणतोच. इथे कामाची वाटणी गावांनीच करून टाकली होती.

बाकरवडी गुजरातेत होतीच. तिला खमंग मराठी चव देऊन चितळ्यांनी ती 1970 च्या दशकात पुण्यात आणली. सुरुवातीला सगळ्या गुंडाळ्या हाताने व्हायच्या. मागणी हाताला झेपेना, तेव्हा यंत्र आले. प्रत्येक वडी तशीच खुसखुशीत निघाली पाहिजे, हा आग्रह मात्र यंत्रालाही लागू होता. बाहेरगावच्या माणसाला हीच गोष्ट भावते. दहा वर्षांनी पुडा फोडा, चव ओळखीची!

आणि ती प्रसिद्ध दुपार. एक ते चार दुकान बंद! त्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. उन्हात बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला अर्थातच हसू येत नसे. पण दुधाच्या धंद्याचा दिवस पहाटेच उजाडतो. पहाटेपासून राबलेल्या माणसाला दुपारी पाठ टेकायला मिळावी, यात चूक ती काय? आमच्या मते गिऱ्हाइकाची तक्रार खरी होती आणि मालकाचा नियमही.

2016 मध्ये भाऊसाहेब गेले, वयाची नव्वदी ओलांडून. तोवर पुढच्या पिढ्यांनी ठिकठिकाणी दुकाने नेली होती. 2017 च्या जुलैपासून पुण्यातले दुकान दुपारीही उघडे राहू लागले. त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. दुकान उघडे असल्याची बातमी व्हावी, असे भाग्य किती दुकानदारांच्या वाट्याला येते?