पेजेत मीठ, पण पुडीत साखर कशाला?

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीचे दिवस आले, की वर्गातली हजेरी विरळ होते. काही मुले बांधीत असतात, काही हगवणीने घरी. अशा मुलाला घरची वडीलधारी माणसे मीठ घातलेली भाताची पेज पाजतात. शिक्षकांशी गप्पा मारताना एका बाईंनी मला विचारले, "अंगातले पाणी आणि मीठ गेले, म्हणून तेच परत द्यायचे, हे मुलांना पटते. पण ओआरएसच्या पुडीत साखर कशाला? ताकदीसाठी का?" मीही लहानपणी 'ताकदीसाठी' असेच ऐकले होते. खरे कारण वेगळे आहे.

पचनसंस्था शिकवताना आपण अन्नाचा प्रवास फळ्यावर काढतो. पाण्याचा प्रवास राहूनच जातो. दिवसभरात आपण खाण्यापिण्यातून साधारण २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्राव मिळून आणखी सुमारे ७ लिटर पाणी शरीर स्वतःच अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंतच्या नळीत ओतते. या ९ लिटरांपैकी विष्ठेतून बाहेर पडते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे आतडी परत शोषून घेतात, आणि त्यातही मोठा वाटा लहान आतड्याचा. हा हिशेब थोडा जरी बिघडला, तरी हगवण लागते.

गंमत अशी, की थेट पाणी खेचणारा पंप आतड्यात नाही. पेशी क्षार आत घेतात आणि परासरणाने पाणी त्यांच्या मागोमाग जाते. सोडियमला आत येण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतल्या एका वाटेवर एक प्रथिन दारवानासारखे बसलेले असते; ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत सोडते, एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

आता पटकी पाहा. तिच्या जंतूंचे विष पेशींना क्लोराइड बाहेर टाकायला लावते. त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी जाते. मीठ शोषण्याची नेहमीची वाटही मंदावते. म्हणून नुसते मीठपाणी पाजले, तर ते बरेचसे तसेच वाहून जाते. ग्लुकोज-सोडियमचे दार मात्र शाबूत असते. साखर ही त्या दाराची किल्ली.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

मग साखर भरपूर घालावी का? मुळीच नाही. बटाट्याची एक चकती दाट साखरपाण्यात अर्धा तास ठेवून वर्गात दाखवा; ती लुळी पडते. अतिगोड पाणी आतड्यातही असेच पाणी बाहेर ओढते आणि हगवण वाढवते. २००२ पासूनच्या पुडीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. त्यातल्या सोडियम सायट्रेटचे सोडियम धरले, की ग्लुकोजचे रेणू आणि सोडियमचे आयन संख्येने सारखे भरतात.

पेजेची खुबी इथेच आहे. पिष्टाचा एक रेणू म्हणजे शेकडो-हजारो ग्लुकोजांची साखळी. पण परासरणाच्या हिशेबात तो एकच कण. तो पाणी फारसे ओढत नाही. स्वादुपिंडातले अमायलेज आणि आतड्याच्या भिंतीवरची विकरे ही साखळी तोडतात, आणि ग्लुकोज दाराशीच हळूहळू सुटा होतो. तांदळाच्या पिठाचे ओआरएस पटकीच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा ग्लुकोजच्या द्रावणापेक्षा हगवण कमी झाल्याचे दिसले. इतर हगवणींत असा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

पुडी मिळत असेल तर पुडीच द्यावी. नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. किंवा पातळ पेज, लिटरला साधारण ३ ग्रॅम मीठ घालून. पहिल्या सहा महिन्यांच्या बाळाला मात्र पेज देऊ नये. त्याच्या स्वादुपिंडात अमायलेज फारच थोडे तयार होते, आणि साखळी तुटलीच नाही तर किल्ली मिळणार कोठून? त्याला अंगावरचे दूध चालू ठेवून पुडीचेच पाणी पाजावे आणि लगेच आरोग्य केंद्रात न्यावे.