व्यायामाचे बूट घेताना नाव नव्हे, तळ पाहा

हल्ली आपल्या वस्त्यांतील मुले-मुली व्यायामाकडे वळली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी तालमीत जोर-बैठका मारणारा वेगळा आणि मैदानावर धावणारा वेगळा असे. आता एकाच तासात दोन्ही चालते. वजन उचलायचे, लगेच दोरीवरच्या उड्या मारायच्या, पुन्हा वजन, मग मैदानाच्या दोन फेऱ्या. मध्ये विश्रांती जेमतेम अर्ध्या मिनिटाची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचेही तसेच आहे. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. म्हणजे दमही हवा आणि ताकदही हवी.

अशा वेळी घरात प्रश्न उभा राहतो तो बुटांचा. मुलगा एखाद्या मोठ्या कंपनीचा पाच-सहा हजारांचा जोड दाखवतो. वडील वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करणारी. तेवढ्या पैशांत घरात महिन्याचा किराणा येतो. नाही म्हणावे तर पोराचा पाय मुरगळेल ही धास्ती, हो म्हणावे तर उसनवारी. आमचे म्हणणे असे की, या दोन्हींच्या मध्ये एक शहाणपणाची वाट आहे. त्यासाठी बुटावरचे नाव नव्हे, बुटाचा तळ वाचता आला पाहिजे.

एक बूट दोन कामे का करीत नाही?

धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. ६० किलोच्या मुलाच्या पायावर तो १२० ते १८० किलोपर्यंत जातो. हा धक्का सोसायला धावण्याच्या बुटात जाड, मऊ फोम घातलेला असतो. टाच चवड्यापेक्षा बहुधा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. धावायला हे उत्तम.

पण हेच बूट घालून खांद्यावर बार घेऊन बैठक मारा. मऊ फोम भाराखाली दबतो आणि सगळीकडे सारखा दबत नाही. पाय आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला कलतो, घोटा डगमगतो, त्यामागोमाग गुडघा आणि कंबर. गादीवर उभे राहून गोणी उचलून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. हमाल गोणी उचलताना पाय घट्ट जमिनीवर रोवतो, ते उगाच नाही.

उलट, वजन उचलणाऱ्या खेळाडूंचे खास बूट असतात. त्यांची टाच उंच असते, साधारण २० मिलिमीटर, पण ती दगडासारखी टणक असते. त्यामुळे खोल बैठक सोपी जाते. मात्र ते घालून धावाल तर धक्का थेट हाडाला बसेल.

या अडचणीवर तोडगा निघाला तो १९८७ साली. अमेरिकेतील टिंकर हॅटफिल्ड या बूट-रचनाकाराने पाहिले की, जिममध्ये येणारी माणसे धावण्याचा एक आणि वजनाचा दुसरा असे दोन जोड बाळगतात. त्याने नाइकी कंपनीसाठी दोन्ही कामांना चालेल असा बूट काढला. पाय बाजूला सरकू नये म्हणून त्याच्या चवड्यावर पट्टा दिला होता. त्यालाच पुढे ‘क्रॉस ट्रेनर’ हे नाव रूढ झाले. २०११ मध्ये रीबॉकने ‘नॅनो’ आणि २०१५ मध्ये नाइकीने ‘मेटकॉन’ हे याच जातीचे बूट बाजारात आणले. टाच टणक, तळ सपाट आणि रुंद, चवडा लवचीक अशी त्यांची ठेवण असते. पण लक्षात ठेवा, ही तडजोड आहे. थोडे धावणे, उड्या आणि वजन यांना ते चांगले. रोज चार-पाच किलोमीटर धावायला नव्हेत.

दुकानात करायच्या चार परीक्षा

दुकानदार रंग दाखवील, जाहिरातीतला खेळाडू दाखवील. आपण बूट हातात घ्यावा आणि या गोष्टी कराव्यात.

१) टाचेचा तळ बाजूने अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा सहज रुतला तर तो बूट वजनासाठी नाही. किंचित दबून लगेच परत यावा.

२) टाच आणि टोक धरून बूट वाकवा. तो जिथे बोटे वाकतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा.

३) ओला फडका पिळतो तसा बूट पिळून पाहा. थोडा वळावा, पण दोरीसारखा पीळ पडत असेल तर बाजूच्या हालचालीत तो पाय सांभाळणार नाही.

४) मागची टाचेची वाटी बोटांत दाबा. ती घट्ट असावी. मग बूट फरशीवर ठेवून डगमगतो का ते पाहा.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. व्यायामाला घालता तेच मोजे घालून जावे. दोन पायांत फरक असतो. मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि टाच मात्र वर निसटता कामा नये. दुकानातच पाच-सात बैठका मारा, जागेवर उड्या मारा. त्यात लाज कसली? पैसे आपले आहेत. ‘घातल्यावर सैल होईल’ या बोलण्यावर जाऊ नका. वाढत्या मुलाला दोन नंबर मोठा बूट घेण्याची आपल्या घरांत सवय आहे. शाळेच्या बुटाला ती चालून जाते, व्यायामाच्या बुटाला नाही. सैल बुटात पाय घसरतो आणि मुरगळतो. मुलींनाही भावाचे बूट देऊन भागवू नये. अनेकींची टाच अरुंद असते, तिच्या पायाला मापाचाच जोड हवा.

कुणी काय घ्यावे?

आठवड्यातून तीन-चार दिवस वजन, उड्या आणि मैदानाच्या एक-दोन फेऱ्या एवढाच व्यायाम असेल, तर सपाट, टणक तळाचा एक क्रॉस ट्रेनर पुरे. वरच्या चार परीक्षांना उतरेल तो साध्या कंपनीचाही चालेल.

भरतीसाठी रोज धावणाऱ्यांनी मात्र पैसे धावण्याच्या बुटांवरच घालावेत. मग वजनाचे काय? त्यासाठी शाळेच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट पुरतात. त्यांचा तळ पातळ, सपाट आणि टणक असतो. मोठमोठी वजने उचलणारे खेळाडूही तसलेच सपाट कॅनव्हासचे बूट वापरतात. मापाचे असे बूट घरात असतील तर वजनाच्या जोड्याचा खर्चच नाही. धावण्याचा एक बरा जोड आणि कॅनव्हासचा एक स्वस्त जोड, हे दोन्ही मिळून बहुतेक वेळा त्या पाच-सहा हजारांच्या एका जोडापेक्षा कमी पैशांत होतात आणि काम जास्त देतात. फक्त कॅनव्हास घालून लांब धावू नये आणि चपलेवर वजन कधीच उचलू नये.

रस्त्यावर मोठ्या नावाची नक्कल स्वस्तात मिळते. तिथे आपण नावाचे पैसे देतो आणि तळ कसला आहे हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा त्याच पैशांत साधा, पावतीसह मिळणारा बूट घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याच्या वर १८ टक्के. भाव करताना हेही ध्यानात असू द्या.

बूट टिकवावेत कसे?

व्यायामाचे बूट बाजाराला, कामावर घालू नयेत. घामाने किंवा पावसाने भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. कडक उन्हाने आणि गरम पाण्याने डिंक सुटतो. नाड्या सोडूनच बूट काढावा, टाचेने दाबून नव्हे. धावण्याच्या बुटातील फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो. वरून बूट नवा दिसला तरी तळ एका अंगाला झिजला असेल किंवा गुडघा, नडगी दुखू लागली असेल, तर तो जोड व्यायामातून काढावा. दुखणे तरीही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलाने महागडा जोड मागितला की त्याला रागावू नका, आणि कर्जही काढू नका. त्याला सोबत घेऊन दुकानात जा आणि या चार परीक्षा त्याच्याच हातून करवून घ्या. कशाचे पैसे आपण देतो आहोत हे त्याला एकदा कळले, की निवड तोच नीट करील.