बॅले-संगीतातील कथनतंत्र : ‘द स्लीपिंग ब्यूटी’च्या संदर्भात

प्रस्तावना

बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव या परिसरात यात्रेच्या हंगामात तमाशाचा वग पाहत मोठ्या झालेल्या रसिकाला संगीत आणि कथा यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतीमुळे या भूमीचे नाव तमाशाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. वगातील राजा एका नगरातून दुसऱ्या नगरास निघाला की पात्र रंगमंचावर एक फेरी मारते, ढोलकी व हलगी प्रवासाची गती धरून ठेवतात आणि प्रेक्षक नवे नगर निमूटपणे मान्य करतो. मात्र ते नगर कोणते, हे फेरी संपताच शब्दच सांगतात.

पाश्चात्य बॅलेमध्ये ही सोय नाही. तेथे पात्रे सहसा बोलत नाहीत की गात नाहीत; नृत्य, मूकाभिनय आणि वाद्यवृंद एवढेच साधन. अशा स्थितीत शाप, वरदान, निद्रा आणि मुक्ती या परीकथेतील घटना वाद्यसंगीत कसे सूचित करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

प्योतर चायकोव्हस्की यांचा ‘द स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील मारिन्स्की नाट्यगृहात प्रथम सादर झाला. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या कथासंग्रहातील झोपलेल्या राजकन्येची कथा त्याला आधारभूत आहे. नृत्यदिग्दर्शक मारियुस पेतिपा यांनी कोणत्या प्रसंगाला किती मात्रांचे, कोणत्या लयीचे संगीत हवे याची तपशीलवार टिपणे संगीतकाराला दिली होती. इतक्या काटेकोर मागणीतून केवळ मापात बसणारे संगीत निर्माण झाले असते तरी आश्चर्य वाटले नसते. चायकोव्हस्की यांनी मात्र त्या चौकटीतच कथेचे सूत्र ओवले.

हे सूत्र पडदा उघडण्यापूर्वीच हाती येते. आरंभसंगीतात प्रथम कॅराबॉस या दुष्ट परीची धून संपूर्ण वाद्यवृंदातून आदळते. तिची लय तुटक, स्वरांच्या उड्या अनपेक्षित. ती ओसरल्यावर हार्पच्या साथीने कॉर आंग्ले या सुषिर वाद्यावर लायलॅक परीची दीर्घ, संथ धून सुरू होते. दोन्ही धुनींचा आधारस्वर एकच आहे. भारतीय परिभाषेत सांगायचे तर षड्ज तोच, परंतु पहिलीत कोमल गंधाराची छाया आणि दुसरीत शुद्ध गंधाराचा प्रकाश. शाप व उःशाप एकाच भूमीवर उभे आहेत, हे येथे एकाही शब्दाविना प्रतीत होते.

एकटी धून काहीच सांगत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ती दुसऱ्यांदा येते तेव्हा कथन सुरू होते. पहिल्या अंकाच्या शेवटी राजकन्या ऑरोरा चाती हाती घेऊन नाचते, ती तिच्या बोटात रुतते, नृत्य भोवळल्यासारखे वेगवान होते व ती कोसळते. चाती देणारी वृद्धा कोण, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. तिने आवरण फेकताच कॅराबॉसची धून गर्जते आणि नामकरणाच्या दिवशीचा शाप आठवतो. पाठोपाठ लायलॅक परीची धून येते. मृत्यूचे रूपांतर निद्रेत झाले आहे, हे तीच सांगते. वगातील ढोलकी चालू क्षणाला चेतवते. येथील वाद्यवृंद मागील क्षण परत आणतो. बॅले-संगीताचे कथन अशा रीतीने श्रोत्याच्या स्मरणावर उभे असते.

दुसऱ्या अंकात राजपुत्र लायलॅक परीच्या नौकेतून झोपलेल्या महालाकडे जातो. मागील चित्रित पडदा सरकत राहतो आणि संगीत हेलकावणाऱ्या लयीत वाहते. वगातील फेरीचेच हे दूरचे भावंड म्हणावे लागेल! तिसऱ्या अंकात विवाहसोहळ्याला इतर परीकथांतील पात्रे येतात व वाद्यांतून मांजरांचे म्याँवही ऐकू येते. ते रमणीय आहे, परंतु तोवर कथा संपलेली असते.

पुढे इगोर स्ट्राव्हिन्स्की यांनी ‘द फायरबर्ड’ (पॅरिस, १९१०) मध्ये हे तंत्र स्वरव्यवस्थेपर्यंत नेले. मानवी पात्रांना सरळ, लोकगीतांच्या वळणाच्या धुनी, तर मायावी पात्रांना लगतच्या अर्धस्वरांवरून सरपटणारे संगीत, अशी विभागणी त्यांनी केली. राजपुत्र जादूच्या बागेत शिरला, हे डोळे मिटूनही कळते.

या तंत्राला मर्यादाही आहेत. ‘राजकन्या शंभर वर्षे झोपली’ या वाक्यातील शंभर हा आकडा कोणतेही वाद्य उच्चारू शकत नाही. त्यासाठी मूकाभिनय व छापील कथासार यांचा आधार घ्यावा लागतो. संगीत फक्त त्या काळाची लांबी जाणवून देऊ शकते. महालातील निद्रेच्या प्रसंगी व्हायोलिनवर एक उंच स्वर कंप पावत दीर्घकाळ धरून ठेवलेला आहे. त्याखाली कॅराबॉसची धून दबक्या आवाजात, जणू झोपेतच, येऊन जाते, लायलॅक परीची धूनही ऐकू येते, आणि वरचा स्वर मात्र हलत नाही.