तलवार अडते तेव्हा

मध्ययुगीन युरोपातील योद्ध्याचे जे चित्र चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी लोकमानसात रुजविले आहे, त्यात दोन गोष्टी हमखास आढळतात: अजस्र वजनाची तलवार, आणि ती गरगर फिरवीत केवळ बळाच्या जोरावर घाव घालणारा वीर. वस्तुतः दोन्ही हातांनी चालवायची ती लांब तलवार साधारणतः दीड किलोच्या आसपास भरे. ती चालविण्याची विद्याही आंधळ्या बळाची नव्हती. तलवारबाजीचा कस पाते फिरविण्यात जितका लागे, तितकाच पाते अडल्यानंतर लागे, हे सांगणारा ग्रंथ इटलीत सहाशे वर्षांपूर्वी लिहिला गेला.

त्याचा कर्ता फिओरे देई लिबेरी हा ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रांताचा. इ. स. १४१० च्या सुमारास, चाळीसहून अधिक वर्षांच्या व्यासंगानंतर, त्याने ‘युद्धपुष्प’ अशा अर्थाच्या नावाचा हा सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि फेरारा येथील राज्यकर्ता निक्कोलो देस्ते, तिसरा, यास अर्पण केला. त्याच्या चार हस्तलिखित प्रती आज ज्ञात आहेत. चित्रांची भाषा मोठी मार्मिक आहे. डाव सुरू करणाऱ्या गुरूच्या मस्तकी मुकुट असतो, तो पुढे चालविणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा असतो, आणि डावाची तोड दाखविणारा मुकुट व पट्टा ही दोन्ही चिन्हे धारण करतो. कोण कोणावर मात करीत आहे, हे मजकूर न वाचताही कळावे, अशी ही योजना आहे.

फिओरेने दुहाती तलवारीच्या खेळाचे दोन भाग पाडले: एक मोकळ्या अंतराचा, दुसरा निकट अंगलटीचा. दोन पाती एकमेकांत अडकली, पावले पुढे पडली आणि दोघे इतके जवळ आले की घाव घालण्यास जागाच उरली नाही, म्हणजे दुसरा भाग सुरू होतो. अशा वेळी डावा हात मूठ सोडून प्रतिस्पर्ध्याचे कोपर ढकलतो आणि त्याला पाठमोरा करतो. कधी त्याच्या दोन हातांमधून शिरून त्याची मूठच धरतो. मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा तोंडावर हाणला जातो. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही हात बगलेत आवळून तलवार हिसकावता येते, किंवा पायामागे पाय घालून आणि पाते गळ्याशी लावून त्याला जमिनीवर आडवे करता येते. यातील मर्म असे की, पाती अडल्यावर हे डाव दोघांनाही सारखेच खुले असतात. ज्याला आधी सुचले आणि ज्याने आधी केले, तो वाचला.

हे कौशल्य आयत्या वेळी येत नाही, याची फिओरेला पुरती जाणीव होती. म्हणूनच लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयातील प्रतीत शस्त्रविद्येचा आरंभ तलवारीने होत नाही, कुस्तीने होतो. कट्यार तिच्यानंतर येते आणि तलवार त्याच्याही पुढे. कुस्तीचे जे चार पवित्रे आरंभी शिकविले आहेत, त्यांची ‘लोखंडी दरवाजा’, ‘रानडुकराचा सुळा’ यांसारखी नावे पुढे तलवारीच्या पवित्र्यांतही भेटतात. शिष्याच्या अंगी बळ आणि चपळाई हवीच. पण पेच बांधणे, हात मोडणे, मर्मस्थानी आघात करणे आणि जमिनीवर पाडणे यांचे ज्ञानही हवे, असा त्याचा आग्रह आहे. रंजनासाठीची कुस्ती वेगळी आणि प्राणावर बेतल्यावरची वेगळी, हा भेदही तो स्पष्टपणे करतो. आखाड्यात वर्ज्य ते रणात क्षम्य असते; तथापि रणातील विद्येचा पाया आखाड्यातच घातला जातो.

या ग्रंथाचे महत्त्व केवळ डावपेचांपुरते नाही. फिओरे आपली विद्या एकांतात शिकवीत असे. इतर उस्तादांना ती दाखविण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. पाच वेळा, परक्या मुलखात, आप्तस्वकीय जवळ नसताना, अंगात जाड अंगरखा आणि हातांत चामडी मोजे एवढ्यावरच तो धारदार तलवारीपुढे उभा राहिला. चिलखतात एखादा वार चुकला तरी निभावते. येथे एक चूक म्हणजे मृत्यू, असे तो स्वतःच सांगतो. ज्याने गुप्ततेसाठी प्राण पणाला लावले, त्यानेच उतारवयात सारी विद्या कागदावर उतरविली. कारण त्याने नमूद केले आहे: ही विद्या इतकी विस्तीर्ण आहे की, ग्रंथाच्या आधाराविना तिचा चौथा हिस्साही कोणाच्या स्मरणात राहणार नाही.

त्याची ही शंका खरी ठरली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फिलिप्पो वादी याने उर्बिनोच्या ड्यूकसाठी याच वळणाचा ग्रंथ लिहिला. परंतु पुढे शस्त्रे पालटली, युद्धाची रीत पालटली आणि ही गुरुपरंपरा खंडित झाली. फ्रान्चेस्को नोवाती या विद्वानाने १९०२ साली एक प्रत प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेतील अभ्यासक चित्रे पुढे ठेवून हे डाव पुन्हा उभे करीत आहेत. चित्रात पाय कोठे आहे ते दिसते; त्या पायावर भार किती आणि तो कोणत्या क्षणी द्यावयाचा, हे दिसत नाही. त्यामुळे एकाच चित्राचे निरनिराळे अर्थ लावले जातात आणि कोणता खरा, हे ठरविण्यासाठी अखेर दोन माणसांना एकमेकांशी झोंबावेच लागते.

हस्तकौशल्याच्या प्रत्येक विद्येला हा धडा लागू पडावा. गुरूने ती मुठीत झाकून ठेवली, तर ती त्याच्याबरोबर जाते. केवळ ग्रंथात ठेवली, तर आकृती उरते आणि स्पर्श हरपतो. फिओरेने आकृती तरी मागे ठेवली. ज्यांनी तेवढेही केले नाही, त्या त्याच्या प्रतिस्पर्धी उस्तादांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.