विश्लेषण : परदेशात एक सेमिस्टर, इथले वर्ष वाया जाऊ नये म्हणून काय करावे?

पेठ वडगावच्या आसपास वाठार, वारणानगर, अतिग्रे ते इचलकरंजी या पट्ट्यात अभियांत्रिकीची महाविद्यालये दाटीने आहेत. पूर्ण पदवी परदेशात घेणे अनेक घरांना परवडत नाही. त्यामुळे इथल्या पदवीचेच एक सेमिस्टर जर्मनी, फ्रान्स किंवा फिनलंडमध्ये करण्याचा पर्याय विद्यार्थ्यांना खुणावतो. तयारी म्हटली की घरात पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि बॅगेची चर्चा सुरू होते. हे सगळे नीट पार पडूनही वर्ष वाया जाऊ शकते, कारण तिथे उत्तीर्ण झालेले विषय इथल्या गुणपत्रिकेत धरले जातीलच असे नाही. ते आपोआप धरले जात नाहीत. त्याची व्यवस्था निघण्यापूर्वी, लेखी करावी लागते.

एक सेमिस्टर परदेशात जाण्याचे मार्ग कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला, महाविद्यालय किंवा विद्यापीठ आणि परदेशी विद्यापीठ यांच्यातील करारानुसार होणारी विद्यार्थी देवाणघेवाण. यात विद्यार्थी इथले शुल्क भरतो आणि तिथले शिकवणी शुल्क सहसा माफ असते. दुसरा, युरोपीय संघाचा ‘इरॅस्मस प्लस’ कार्यक्रम. ‘इरॅस्मस’ १९८७ मध्ये युरोपीय देशांपुरता सुरू झाला. आता भारतासह इतर देशांतील विद्यार्थ्यांनाही त्यातून जाता येते. शुल्क माफ, प्रवासखर्चासाठी रक्कम आणि देशानुसार महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो असे त्याचे स्वरूप आहे. मात्र त्यासाठीही दोन संस्थांमध्ये करार असावा लागतो. तिसरा मार्ग स्वतंत्रपणे अर्ज करून जाण्याचा. त्यात खर्च स्वतःचा आणि विषय मान्य करून घेण्याची जबाबदारीही स्वतःचीच.

पहिल्या दोन मार्गांत विद्यार्थ्याचे नाव त्याचे महाविद्यालय किंवा विद्यापीठ पाठवते. याला ‘नॉमिनेशन’ म्हणतात. ते कोणत्याही एजंटला करता येत नाही. त्यामुळे एखादी सल्लागार संस्था पैसे घेऊन थेट ‘एक्स्चेंज सेमिस्टर’ मिळवून देण्याची हमी देत असेल, तर तो बहुधा तिसरा मार्ग असतो, फक्त पहिल्याच्या नावाने विकलेला. म्हणून पहिली चौकशी स्वतःच्या महाविद्यालयात करावी : करार कोणाशी आहे, त्याची मुदत कधीपर्यंत आहे आणि आपली शाखा त्यात बसते का?

सर्वात महत्त्वाचा कागद कोणता?

‘लर्निंग अॅग्रीमेंट’ अर्थात अभ्यास करार. विद्यार्थी तिथे कोणते विषय घेणार, त्यांची क्रेडिट किती आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, याची ही यादी असते. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. तिकीट काढण्याआधी या तिन्ही सह्या झालेल्या असाव्यात.

इथे एक स्थानिक अडचण येते. या भागातील काही अभियांत्रिकी महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी, तर काही लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही स्वायत्त आहेत. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे निर्णय महाविद्यालयाची अभ्यास मंडळे आणि विद्या परिषद घेतात. संलग्न महाविद्यालयात परीक्षा आणि गुणपत्रिका विद्यापीठाची असते, त्यामुळे विषय बदलून धरण्याचा निर्णयही विद्यापीठ पातळीवरचा. विभागप्रमुखांनी ‘काही अडचण येणार नाही’ असे तोंडी सांगितले, तरी परीक्षा विभागाला तो पुरावा म्हणून चालत नाही. मंजुरीचे पत्र, त्यावरील जावक क्रमांक आणि तारीख यांची प्रत घरीही ठेवावी.

तिथे पोहोचल्यावर अनेकदा दोन विषयांचे तास एकाच वेळी येतात किंवा एखादा विषय त्या सेमिस्टरला शिकवलाच जात नाही. विषय बदलावा लागला, तर त्याच आठवड्यात महाविद्यालयाला ईमेल करून बदलालाही लेखी मान्यता घ्यावी. परतल्यावर ‘तिथे हाच विषय मिळाला’ हे सांगून उपयोग होत नाही.

क्रेडिटचे गणित कसे जुळते?

युरोपातील बहुतेक विद्यापीठांत ‘ईसीटीएस’ ही क्रेडिट पद्धत आहे. वर्षाला ६०, म्हणजे सेमिस्टरला ३० क्रेडिट. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. भारताच्या २०२३ मधील राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट असे सूत्र आहे, म्हणजे सेमिस्टरला २०. दोन्हीकडचे एक सेमिस्टर समान मानले, तर तिथली दीड क्रेडिट म्हणजे इथले एक. या हिशेबाने इथल्या चार क्रेडिटच्या विषयासाठी तिथला सहा क्रेडिटचा विषय हवा. पाच क्रेडिटचा घेतला, तर तो कमी पडू शकतो. प्रमाण कोणते धरायचे हे दोन संस्थांनी ठरवायचे असते. ते करारात आकड्यांसह लिहून घ्यावे.

गुणांचाही प्रश्न आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. इथे दहापैकी गुणांक मोजणाऱ्या घरात १.३ पाहून धक्का बसेल. प्रत्यक्षात तो उत्तम निकाल असतो. तो इथल्या सीजीपीएमध्ये कसा बदलला जाणार, की फक्त ‘उत्तीर्ण’ असा शेरा पडणार, हे आधीच विचारावे. कॅम्पस मुलाखतींना सीजीपीएची अट असते, त्यामुळे ही बाब शोभेची नाही.

वेळापत्रक कुठे अडते?

जर्मन विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. हिवाळी सेमिस्टरचे तास साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच सुमारास किंवा त्यानंतर होतात. इथे पुढचे सेमिस्टर जानेवारीच्या सुमारास सुरू झालेले असते. म्हणजे कागदावर एक सेमिस्टर बाहेर, पण फटका दोन सेमिस्टरना.

समजा, वडगावची एक विद्यार्थिनी पाचव्या सेमिस्टरसाठी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला गेली. तिची तिथली शेवटची परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस असेल, तर सहाव्या सेमिस्टरचे पहिले दोन महिने बुडतात. त्या काळातील हजेरी, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत चाचण्या यांचे काय, याचे उत्तर जाण्यापूर्वी मिळायला हवे. फिनलंडसारख्या देशात शरद सेमिस्टर डिसेंबरमध्ये संपते, त्यामुळे तिथला मेळ तुलनेने सोपा बसतो. देश निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकेच त्याचे शैक्षणिक कॅलेंडर पाहावे.

सातव्या सेमिस्टरला जाणाऱ्यांनी दुप्पट विचार करावा. बहुतेक महाविद्यालयांत कॅम्पस भरतीचा हंगाम तेव्हाच असतो. मागील विषय राहिलेले असतील, तर त्यांच्या परीक्षेच्या तारखाही तपासाव्यात. त्या परीक्षेसाठी परत येणे परवडत नाही. महाडीबीटीवरून शुल्क सवलत किंवा शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी, बाहेर असलेल्या काळातील हजेरी कशी नोंदवली जाणार हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.

पैसे किती लागतात?

जर्मनीचेच उदाहरण. तिथे ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर पर्यटनाचा शेंगेन व्हिसा चालत नाही, राष्ट्रीय व्हिसा लागतो. निर्वाहाचे पैसे आहेत हे दाखवण्यासाठी बहुतेक विद्यार्थी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठीची रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. एका युरोला १०० रुपये धरले, तर जवळपास सहा लाख रुपये. हे पैसे बुडत नाहीत. तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरावीक रक्कम खात्यातून काढता येते. पण ते एकरकमी उभे करावे लागतात आणि अडचण तिथेच असते.

सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, मात्र सेमिस्टरचे अंशदान भरावे लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे. करारानुसार आलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळते. आरोग्य विमा सक्तीचा आहे. घर भाड्याने घेताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत मागितली जाऊ शकते आणि ती परतण्याच्या वेळी लगेच हातात पडत नाही. खर्चाच्या कागदावर हा आकडा वेगळा लिहावा.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातील पूर्ण पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासासाठी आहे. एका सेमिस्टरच्या खर्चाचे नियोजन तिच्या भरवशावर करू नये.

कागदपत्रांत काय तपासावे?

पासपोर्टसाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात टपाल खात्याच्या कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,०००. खरी डोकेदुखी नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांचे नाव. आधारवर क्रम वेगळा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी सर्व कागद शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवावे. चूक आढळल्यास दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

बँकेचे ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर येतात, त्याचे आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे, नाहीतर तिथे खात्यातले पैसे असूनही हलवता येत नाहीत. खात्याला आई किंवा वडिलांना संयुक्त खातेदार करून ठेवल्यास इथली कामे अडत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्यांना नोंदणी करता येते; ती करावी.

बॅगेत काय नसावे?

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. घरचे तूप, पेढे आणि वारणेचे श्रीखंड इथेच ठेवावे लागेल. ताज्या फळांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते; नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना मात्र त्यातून सूट आहे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. जर्मनीत वीज इथल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. प्लगची पिन वेगळी असल्याने अॅडॉप्टर पुरेसा.

लेखी परवानगीला इतके महत्त्व का?

याचे उत्तर हातकणंगले तालुक्याशी जोडलेल्या इतिहासातही सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी त्यांनी निघण्यापूर्वीच मिळवली होती. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके त्या जहाजाबरोबर महायुद्धात बुडाली. परवानगी मात्र कायम राहिली. मार्च १९२० मध्ये याच तालुक्यातील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी शाहू महाराजांसह इतरांच्या मदतीने ते लंडनला परतले आणि १९२१ मध्ये एम.एस्सी., तर १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आजचे एक सेमिस्टर त्या मानाने लहान आहे, पण नियम तोच. व्हिसाच्या रांगेत उभे राहण्याआधी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावे आणि एकच प्रश्न विचारावा : ‘मी तिथे हे विषय उत्तीर्ण झालो, तर इथल्या गुणपत्रिकेत काय छापून येईल?’ उत्तर सही-शिक्क्यासह हातात पडले, की मग बॅग भरायला घ्यावी. त्या पत्राची एक प्रत मोबाइलमध्ये, एक घरी आणि मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवावा.