हातातला दांडा आणि मागचा गिअरबॉक्स

जुन्या कॅम्पर व्हॅनचा गिअर जड पडू लागला की मालकाला पहिली धास्ती वाटते ती गिअरबॉक्सची. खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये अडकणार असं वाटू लागतं. फोक्सवॅगनच्या टाइप-२ व्हॅनबाबत तरी माझं ठाम मत आहे की गिअरबॉक्सवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. चालकाचा हात आणि गिअरबॉक्सचे दाते यांच्यामध्ये या गाडीत इतका लांबचा मार्ग आहे, की दोष बहुतेक वेळा त्या वाटेवरच सापडतो.

हे अंतर गाडीच्या जन्मापासूनचं आहे. डच आयातदार बेन पॉन यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका मालवाहू गाडीचं साधं रेखाटन केलं. चौकोनी पेटी, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी जागा मालाला. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबर्गला या गाडीचं उत्पादन सुरू झालं, १९५६ मध्ये ते हानोव्हरच्या नव्या कारखान्यात गेलं. मधल्या मोकळ्या जागेत पलंग, कपाट आणि शेगडी बसवून वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिचं फिरतं घर केलं. १९६७ मध्ये पुढच्या अखंड काचेची दुसरी पिढी आली. युरोपातून तेहरान, काबूलमार्गे भारतात येणाऱ्या हिप्पींच्या वाटेवर या व्हॅन सर्रास दिसत, आणि त्यांतल्या कित्येकांचा मुक्काम गोव्यात अंजुणा-कळंगुटच्या किनाऱ्यावर पडे. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेलं सोव्हिएत सैन्य यांमुळे तो मार्ग बंद झाला.

पॉन यांच्या त्या रेखाटनाची किंमत गिअरच्या दांड्याला मोजावी लागली. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये २४०० मिलिमीटर अंतर आहे. दांडा जवळजवळ पुढच्या आसाशी, तर गिअरबॉक्स मागच्या आसाला खेटून. दांड्याच्या बुडाशी एक गोळा असतो, तो वाटीत बसतो. तिथून गाडीच्या पोटाखालून एक लांब सळई मागे जाते. ती प्लास्टिकच्या बुशमधून सरकते आणि शेवटी रबर घातलेल्या एका जोडाने गिअरबॉक्सच्या नाकातून बाहेर आलेल्या तुकड्याला मिळते. हा तुकडा आत तीन दांड्यांपैकी एकाला पकडतो: एक पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, एक रिव्हर्सचा. पुढे हाताने केलेली प्रत्येक हालचाल एवढा प्रवास करून तिथे पोचते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक साधी चाचणी करावी. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघावेत. इंजिन बंद असताना दांडा मोकळा फिरतो आणि सुरू केल्यावर अडतो, तर दोष बहुधा क्लचमध्ये आहे. पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. याची खात्री रिव्हर्स गिअर करून देतो. त्याला सिंक्रो, म्हणजे फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारी रिंग, नसतो, त्यामुळे पेडल दाबून काही सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज आला, तर शाफ्ट फिरतो आहे हे नक्की. या व्हॅनमध्ये क्लच केबलवर चालतो. पेडलला दीडेक सेंटिमीटर मोकळी चाल असावी. त्याहून फार वाढली असेल तर मागे क्लचच्या लिव्हरपाशी असलेल्या नटाने ती कमी करता येते. केबल गंजली असेल तर मात्र ती बदलावीच. कॅम्परचं आणखी एक दुखणं म्हणजे महिनोन्महिने एका जागी उभं राहणं. तेवढ्या काळात क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि दोष मात्र दांड्याच्या माथी येतो.

इंजिन बंद असतानाही दांडा जड असेल तर खाली शिरावं लागतं. गाडी स्टँडवर पक्की उचलून, चाकांना ठोकळे लावूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. मागचा जोड सोडवला की वाट दोन भागांत वाटली जाते. या एका कृतीइतकी उपयोगाची दुसरी कृती या कामात नाही. आता पुढे बसलेल्याने दांडा हलवावा. तो अजूनही जड असेल तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. गोळ्याभोवतीचं ग्रीस सुकून गोंदासारखं झालेलं असतं, किंवा सळईवर रस्त्यावरचं पाणी आणि युरोपात हिवाळ्यात टाकतात ते मीठ बसून गंज धरलेला असतो, किंवा बुश झिजून सळई तिरकी घासत असते. जुनं ग्रीस खरवडून काढावं, त्यावरच नवं थापू नये. दांड्याच्या बुडाची पट्टी सोडण्याआधी तिची मूळ जागा रेघ ओढून नोंदवावी, कारण ती थोडी जरी सरकली तरी दुसरा गिअर सापडेनासा होतो, किंवा दांडा खाली दाबून, डावीकडे नेऊन मागे ओढायचा रिव्हर्स लागत नाही.

जोडातलं रबर चुरा झालेलं असेल तर ते बदलताना माझी पसंती मूळच्यासारख्या मऊ रबरालाच आहे. कडक पॉलियुरेथेनचे जोड टिकतात, पण बसवल्यावर दांडा आणखी जड लागतो, ही तक्रार खरी आहे. जोडाच्या स्क्रूला तार गुंडाळलेली असते, ती परत गुंडाळायला विसरू नये. गिअरबॉक्स धरून ठेवणारी रबरं बघण्याचीही हीच वेळ. ती फाटली असतील तर गाडीवर भार येताच गिअरबॉक्स जागचा हलतो आणि सळईशी असलेली त्याची रेष बिघडते.

जोड सोडल्यावर पुढचा दांडा मोकळा आणि मागचा तुकडाच हाताला जड लागत असेल, तेव्हाच गिअरबॉक्सकडे वळावं. तेव्हासुद्धा आधी तेल बघावं. थंडीत सकाळी जड आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर मोकळा, असं होत असेल तर तेल फार घट्ट आहे किंवा जुनं झालं आहे. या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल लागतं. दुकानदार जीएल-५ ला वरचा दर्जा म्हणून सुचवतो, पण काही जीएल-५ तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. शिवाय तेल फार घसरटं असेल तर रिंगेला लागणारं घर्षणच मिळत नाही.

तेल बदलूनही उभ्या गाडीत सगळे गिअर सुरेख पडतात, आणि चालत्या गाडीत मात्र एखादाच, बहुधा दुसरा, खरखरतो, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं भाग आहे. ते काम घरच्या अंगणात करण्याचं नाही. या पेट्यांचा सराव असलेल्या कारागिराकडेच द्यावं. बाकीच्या वस्तूंची मात्र चणचण नाही. ब्राझीलमध्ये ही व्हॅन १९५७ पासून डिसेंबर २०१३ पर्यंत बनत राहिली, आणि बुश, रबरी जोड, क्लचची केबल आजही नवी तयार होऊन मिळते.