दायमी नजला आणि जीवनसत्त्व ‘अ’चा धसका

सर्दी आमच्या घरी पाहुणी म्हणून येत नाही, ती घरचीच आहे. अब्बांना होती, आम्हाला आहे, आणि धाकट्या लेकीचे नाक सकाळी उठल्या उठल्या वाजू लागले की मोठी म्हणते, “आली आपली खानदानी!” अम्मी याला दायमी नजला म्हणत. डॉक्टर सायनस म्हणतात. कपाळ जड, डोळ्यांमागे ठणका, घशात सतत काहीतरी उतरत असल्यासारखे, आणि बिर्याणीचा दम फुटला तरी वास येत नाही. दहा-अकरा वर्षे हेच चालू होते.

बोईसरहून रोज रिक्षाने दांडीच्या बाजूला शाळेत जायचे, दिवसभर फळ्याजवळ खडूच्या धुळीत उभे राहायचे, संध्याकाळी कारखान्यांच्या वासातून परत यायचे. ज्यांनी या भागात दिवस काढले आहेत, त्यांना हा वास सांगावा लागत नाही. उपाय काय काय केले ते विचारू नका. उन्नाब, मुलेठी, बनफशाचा जोशांदा झाला. कलौंजीची पुरचुंडी हुंगून झाली. वाफ झाली, बाम झाला. मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिकचे कोर्स किती झाले, ते आता आठवतही नाही. आणि पर्समध्ये नाकात टाकायच्या थेंबांची बाटली कायम. ती घरी राहिली तर अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचो.

अशात मस्कतच्या भाच्याचा फोन आला. “खाला, तुम्ही चुकीचे खाताय. जीवनसत्त्व ‘अ’ हे जीवनसत्त्व नाहीच, जहर आहे. काळजात साठते आणि मग नाक, कातडी, सांधे, सगळीकडून बाहेर पडू पाहते. ते बंद करा, नजला आपोआप जाईल.” मागोमाग व्हिडिओ आले. त्यावरून कळले की हा विचार कॅनडातल्या एका गृहस्थाने पसरवला आहे. तो पेशाने इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. गोश्त, भात आणि काळ्या शेंगदाण्यासारखे दिसणारे घेवड्याचे दाणे यांवर तो वर्षानुवर्षे राहतो आहे म्हणे.

आम्ही बीएड झालेल्या, मुलांना “पुरावा काय?” असे विचारणाऱ्या. तरी भुललो. दहा वर्षे नाक बंद असलेल्या माणसाला कुणी दार दाखवले तर तो दारावरची पाटी वाचत बसत नाही.

यादी मोठी होती. कलेजी गेली, अंडी गेली, दूध-तूप गेले. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई सगळे हद्दपार. राहिले काय, तर भात, गोश्त, बटाटा, कोबी, काकडी. एप्रिलच्या शेवटी सुरुवात केली आणि मे महिन्यात आजोळी रत्नागिरीकडे गेलो. हापूसही यादीत! मामांनी आढीतला आंबा हातावर ठेवला आणि आम्ही तो परत आढीत ठेवला. मामी आजारी तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहू लागल्या.

पण तिसऱ्या आठवड्यात नाक उघडले. खरोखर उघडले. फजरच्या वेळी अंगणातल्या मोगऱ्याचा वास आला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. मग काय, भेटेल त्याला सांगत सुटलो. भाभीला सांगितले, शाळेतल्या बायकांना सांगितले, शेजारच्या चाचांना सांगितले. बाई सांगतात म्हणजे खरेच असणार, असे लोक धरून चालतात. तिथेच घात झाला.

जुलैत एका दुपारी आमची जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. ती आता अंगणवाडी सेविका आहे. चप्पल काढून आत आली, पण बसली नाही.

“बाई, एक विचारू? रागवणार नाही ना?”

“विचार गं.”

“तुमच्या भाभी बाळाला अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायला नको म्हणतात. दोनदा जाऊन आले. म्हणतात, ते विष आहे, आमच्या टीचरनी सांगितलंय. बाई, तुम्ही असं सांगितलंत?”

भाभीचे बाळ दीड वर्षाचे, अंगाने किरकोळ. आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. आम्ही बाळाबद्दल काहीच बोललो नव्हतो. पण “जहर” हा शब्द आमचाच होता, आणि आई झालेली बाई तो ऐकून बाळाला कसा देईल?

त्या संध्याकाळी आम्ही व्हिडिओ बंद केले आणि वाचायला बसलो.

हे जीवनसत्त्व प्रथम ओळखले गेले ते १९१३ मध्ये, अमेरिकेत, उंदरांच्या आहारावर प्रयोग करताना. आपल्या लोकांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. तिन्हीसांजेला दिसेनासे होते त्या आजाराला, शबकोरीला, बकऱ्याचे काळीज खायला सांगण्याचा हकिमांचा रिवाज फार जुना आहे. हे सत्त्व कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात, आणि शेवटी बुबुळ विरघळून मूल कायमचे आंधळे होते. यासाठीच भारत सरकारने १९७० पासून लहान मुलांना हे औषध द्यायला सुरुवात केली. आज नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर १ लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख, आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण नऊ डोस दिले जातात. डोळ्यांइतकेच ते अंगातल्या प्रतिकारशक्तीचेही आहे. गोवर झालेल्या मुलाला हे औषध लागोपाठ दोन दिवस देतात, कारण गोवर शरीरातला साठा संपवतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला आणि मुले दगावली. त्यातली बरीच आपल्याच मोहल्ल्यांतली होती. आणि आमचा पालघर जिल्हा म्हणजे तर कुपोषणाचे नाव निघाले की पहिला आठवणारा. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. अशा जिल्ह्यात बसून आम्ही हे सत्त्व “जहर” म्हणत होतो!

नाकाबद्दल वाचले तेव्हा तर हसावे की रडावे कळेना. नाकाच्या आतली ओलसर त्वचा आणि तिच्यावरचे सूक्ष्म केस, जे शेंबूड पुढे ढकलून नाक साफ ठेवतात, ते नीट राहायला हेच सत्त्व लागते. ते फार कमी पडले तर ती त्वचा कोरडी आणि जाड होते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी आम्ही ते सोडले, त्याच दुखण्याला आम्ही पुढे हातभार लावला असता.

मग आम्हाला लगेच काही झाले कसे नाही? कारण मोठ्या माणसाच्या काळजात (म्हणजे यकृतात, मनात नव्हे) याचा महिनोन्‌महिने पुरेल एवढा साठा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला काही स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. २३ पैकी १६ जणांना हे सत्त्व जवळपास नसलेलेच जेवण दीर्घकाळ दिले, तरी स्पष्ट लक्षणे फक्त तिघांत दिसली. म्हणून अशा परहेजवाला माणूस छातीठोक सांगतो, “मी वर्षभर करतोय, ठणठणीत आहे.” लहान बाळाचा साठा मात्र बाळाएवढाच असतो, आणि त्यात दोनदा जुलाब झाले की तोही आटतो.

भाच्याच्या बोलण्यात खरे अजिबात नव्हते असेही नाही, आणि ते सांगायला हवे. हे सत्त्व जास्त झाले तर खरोखर बाधते. डोके दुखते, ओठ-कातडी सुकते, केस गळतात, सांधे धरतात. पण हे गाजर-पालकाने होत नाही. भाजीतल्या रंगद्रव्यातून शरीर लागेल तेवढेच बनवते. फार गाजर खाल्ले तर तळहात पिवळे दिसतील, एवढेच. बाधते ते तयार स्वरूपातले, म्हणजे काळीज, माशाच्या काळजाच्या तेलाच्या कॅप्सुली आणि वर व्हिटॅमिनच्या गोळ्या, असे सगळे रोज एकदम घेतले तर. आपल्या देशात प्रौढ पुरुषाला दिवसाला १,००० आणि स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम पुरे म्हणतात, तर १०० ग्रॅम कलेजीत कित्येक हजार असतात. कुर्बानीच्या दिवशी खाल्ली म्हणून बिघडत नाही, रोज नको. आणि घरात कुणी पोटुशी असेल तर “ताकद येईल” म्हणून तिला कलेजीवर कलेजी वाढू नये, जास्तीचे सत्त्व पोटातल्या बाळाला अपाय करते. मुरुमांसाठी डॉक्टर जी याच कुळातली गोळी देतात, तिनेही नाक सुकते, घोळणा फुटतो. तसे काही चालू असेल तर नाकाच्या डॉक्टरांना जरूर सांगावे.

आता आमचे नाक. पावसाळा सुरू झाला, शाळा भरली आणि जुलै संपायच्या आत ते पुन्हा बंद झाले. परहेज तर चालूच होता! शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आहाराचे निमूट ऐकून घेतले आणि एकच विचारले, “मे महिन्यात अजून काय काय बदललं होतं?” आम्ही आठवू लागलो. खडू नव्हता. घराची ओल धरलेली भिंत नव्हती. बोईसरची हवा नव्हती. “आणि थेंब?” बाटली घाईत बोईसरलाच राहिली होती, गावात ते मिळाले नाहीत, आणि परहेज चालू आहे म्हणून आम्ही शोधलेही नाहीत.

डॉक्टर हसले. ते थेंब पाच-सात दिवसांच्या वर टाकले की नाक त्यांच्या आहारी जाते. उतरले की आधीपेक्षा जास्त सुजते, म्हणून पुन्हा टाकावे लागतात. सोडले तर दोन-तीन आठवड्यांत सूज उतरू लागते. तिसऱ्या आठवड्यातला आमचा मोगरा असा आला होता.

सिटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना लहान मांसल फोड आणि वाकडा पडदा निघाला, मुळाशी ॲलर्जी. बारा आठवड्यांच्या वर चालणाऱ्या सायनसला बहुतेक वेळा जंतूंपेक्षा सूज जबाबदार असते, म्हणून आमची अँटिबायोटिके वाया गेली होती. औषध मिळाले ते स्टिरॉइडचा फवारा. नाव ऐकून घाबरलो, पण तो नाकातल्या नाकात काम करतो, अंगात फारसा जात नाही. मारायची पद्धत मात्र आम्हाला कुणी दाखवलीच नव्हती. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नको तर कानाच्या दिशेला, आणि जोरात ओढायचे नाही. गुण यायला पंधरवडा लागतो. रमजानमध्ये तो सहरीला आणि इफ्तारनंतर मारता येतो, त्यामुळे रोज्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे. आपण वजू करताना नाकात पाणी घेतोच, हा त्याचाच मोठा भाऊ. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, पुढे वाकून एका नाकपुडीतून आत आणि दुसरीतून बाहेर. पाणी मात्र उकळून थंड केलेलेच हवे. साध्या टाकीच्या पाण्यात एक अमिबा असू शकतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमध्ये अलीकडे त्याचे रुग्ण बरेच सापडले, आणि कराचीत तर कधी पोहायला न गेलेल्यांनाही तो आजार झाल्याने घरच्या आणि वजूच्या पाण्यावर संशय गेला. आजार विरळा आहे, घाबरून वजूत कसूर करायची नाही. पाणी नाकाच्या टोकाच्या आत जोराने खेचू नये आणि टाकी वेळेवर धुवावी.

शेजारच्या चाचांचे आम्ही दूध-अंडे सोडवले होते. त्यांना एकाच बाजूने घाण वासाचा स्राव होता. तो निघाला वरच्या दाढेच्या मुळाशी साचलेल्या पुवाचा. दाढ काढली, नाक बरे झाले. साखरेच्या रुग्णांनी तर नाकाच्या दुखण्यात घरगुती प्रयोग करूच नयेत. २०२१ ची काळी बुरशी कोण विसरेल? डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, नाकात काळी खपली धरली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

हवेचे काय करायचे, हे आमच्या ताटात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ आला, देशात सर्वांत वर. ७० च्या पुढे अतिप्रदूषित मानतात. नवापूर-दांडी खाडीतल्या मासळीसाठी मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले. आमच्या नाकाला नेमके कशाने होते ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण बांधवांनी पाण्यासाठी जे केले ते पाहून वाटते, आम्ही अकरा वर्षे फक्त स्वतःच्या ताटात दोष शोधत बसलो.

भाभीकडे आम्ही स्वतः गेलो. “भाभी, आम्ही चुकलो,” म्हणालो. त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आपा, तेव्हा एवढ्या खात्रीनं सांगितलंत.” दुसऱ्या दिवशी आमची विद्यार्थिनी आली, प्लास्टिकच्या चमच्याने तो पिवळसर डोस बाळाला पाजला, बाळाने तोंड वाकडे केले आणि अर्धा थेंब हनुवटीवर ओघळला. तो तिने बोटाने पुन्हा तोंडात घातला.

शाळेत आता आम्ही फळा ओल्या फडक्याने पुसतो. थेंबांची बाटली टाकून दिली. यंदा मेमध्ये मामांची पेटी आली तेव्हा कापलेल्या हापूसचा फोटो भाच्याला पाठवला. त्याने लगेच विचारले, “खाला, नाक कसं आहे?” उजवे उघडे होते, डावे त्या दिवशी बंद होते. तसेच कळवले.